हँडिकॅप : टोपी, घोडा आणि तिऱ्हाईत

मुंबईच्या लोकलमध्ये ‘हँडिकॅपचा डबा’ असतो. ‘तो लहानपणापासून हँडिकॅप आहे’ हे वाक्य मराठीत कुणालाच परके वाटत नाही. सरकारी कागदावर अपंगाचा दिव्यांग झाला, तरी बोलण्यातला हँडिकॅप काही हटला नाही. या सगळ्या वापरात अर्थ एकच, उणीव.

त्याच लोकलने महालक्ष्मीला उतरून रेसकोर्सवर गेले की हा अर्थ उलटा होतो. तिथे ज्या घोड्यावर सर्वांत जास्त हँडिकॅप, तो त्या शर्यतीतला सर्वांत सरस घोडा. घोड्यांची मागची कामगिरी पाहून त्यांना गुण देणारा अधिकारी असतो, त्याला हँडिकॅपर म्हणतात. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन आणि कच्च्याच्या पाठीवर कमी, अशी वाटणी तो करतो. जॉकी हलका पडला तर शिशाच्या पट्ट्या घालून वजन पुरे केले जाते. म्हणजे इथे हँडिकॅप ही उणीव नसून अंगच्या बळावर बसलेला कर आहे.

अमेरिकेत घोड्यांना हलक्या दुचाकी गाडीला जुंपून शर्यती लावतात. त्या मैदानांवर या शब्दाला तिसराच अर्थ आहे. तिथे हँडिकॅपिंग करतो तो पैसे लावणारा माणूस. शर्यतीचे पुस्तक पुढ्यात घेऊन, पेन्सिलीने खुणा करत, कोणत्या घोड्याला किती संधी आहे याचा हिशेब मांडणे म्हणजे हँडिकॅपिंग.

उणीव, भार आणि हिशेब असे तीन अर्थ एका शब्दात कसे आले, याचा माग काढताना आधी एक भाकडकथा बाजूला सारावी लागते. पूर्वी अपंग लोक हातात टोपी घेऊन भीक मागत, म्हणून ‘हँड-कॅप’, असे सांगितले जाते. कथा पटकन पटते, पण खोटी आहे. हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे आणि त्याला अपंगत्वाचा अर्थ चिकटायला पुढे दोनशेहून जास्त वर्षे लागली. टोपी खरी आहे, हातही खरा आहे, भिकारी मात्र नंतर कुणीतरी आणून बसवला.

खरी गोष्ट एका खेळाची आहे. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याने 18 सप्टेंबर 1660 च्या नोंदीत लिहिले आहे की मंडळी जमली असता हँडिकॅप नावाचा खेळ झाला, आपल्याला तो आधी ठाऊक नव्हता आणि तो फार आवडला. ‘हँड इन कॅप’, म्हणजे टोपीत हात, हे त्या नावाचे मूळ. खेळ होता अदलाबदलीचा. एकाला दुसऱ्याची एखादी वस्तू हवी असे, तो त्या बदल्यात आपली एक वस्तू पुढे करी. दोन्ही वस्तूंची किंमत सारखी नसणारच. मग तिसरा माणूस नेमायचा. तिघांनी टोपीत थोडे थोडे पैसे टाकायचे. तिसऱ्याने वस्तू उलटसुलट पाहून सांगायचे, ‘हलक्या वस्तूवाल्याने वर इतके पैसे द्यावेत.’ त्यावर दोघांनी एकाच वेळी मूठ पुढे करून उघडायची. मुठीत नाणे असले तर सौदा कबूल, मूठ रिकामी असली तर नाकबूल.

खरी गंमत यापुढच्या नियमात आहे. दोघेही कबूल झाले तर सौदा पक्का आणि टोपीतले पैसे तिसऱ्याचे. दोघांनीही नकार दिला तर सौदा मोडला, तरी पैसे तिसऱ्याचेच. पण एक कबूल आणि दुसरा नाकबूल असे झाले, तर सौदा मोडायचा आणि पैसे कबूल झालेल्याने न्यायचे, तिसऱ्याच्या हाती काही नाही. त्यामुळे एका बाजूला झुकते माप दिले की तिसऱ्याचेच नुकसान. आपल्याकडच्या गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवतात, तसाच हाही हातांनी बोलण्याचा सौदा. फरक एवढाच, की इथे मध्यस्थाचा प्रामाणिकपणा नियमातच बांधून टाकलेला होता.

खेळ पीप्सहून कितीतरी जुना आहे. चौदाव्या शतकातल्या विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात दारूच्या गुत्त्यात तो रंगतो. तिथे त्याचे नाव वेगळे आहे, ‘नवा बाजार’ अशा अर्थाचे. एकाचा झगा, दुसऱ्याची डोक्यावरची टोपडी, आणि फरक ठरवायला एक दोर वळणारा. या दोरवाल्याला कवी ‘नूनपेर’ म्हणतो. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा अर्थ ‘जो जोडीतला नाही तो’, बरोबरीच्या दोघांपलीकडचा. पुढे इंग्रजांच्या जिभेवर ‘अ नंपायर’चे ‘ॲन अंपायर’ झाले, ‘न’ मागच्या शब्दाला जाऊन चिकटला आणि उरला तो अंपायर. क्रिकेटच्या मैदानावर आपण ज्याच्या नावाने बोटे मोडतो तो अंपायर आणि रेसकोर्सवरचा हँडिकॅपर, हे दोघे असे एकाच गुत्त्यातून बाहेर पडले आहेत.

या तिसऱ्या माणसाला मराठीत नेमका शब्द आहे, तिऱ्हाईत. आज आपण तो परक्या, संबंध नसलेल्या माणसासाठी वापरतो, पण त्याच्या पोटात ‘तीन’ स्पष्ट दिसतो. दोघांच्या भांडणाशी ज्याला देणेघेणे नाही असा तिसरा. म्हणूनच निवाडा करायला तो लायक.

पैजेच्या मैदानावरचा आणखी एक शब्द याच घराण्यात शोभणारा आहे, ऑड्स. ‘ऑड’ म्हणजे विषम. त्याचे मूळ जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘ओद्दी’ या शब्दात. ओद्दी म्हणजे टोक, त्रिकोणाचा कोन, आणि त्यावरून तिसरा आकडा. दोघांची मते सारखी पडली की ज्याच्या मताने निकाल लागे, त्याला त्या भाषेत ‘विषम माणूस’ म्हणत. पुन्हा तिऱ्हाईतच. ऑड्स म्हणजे दोन बाजूंतली विषमता. आपल्याकडचे रेसवाले मात्र ऑड्सला सरळ ‘भाव’ म्हणतात, ‘या घोड्याचा भाव काय?’ हा शब्द मला इंग्रजीपेक्षा उजवा वाटतो. तो का, ते पुढे येईल.

फ्रेंचांनी उलटा रस्ता धरला. पैजेला त्यांचा शब्द ‘पारी’. तो लॅटिनच्या ‘पार’वरून, म्हणजे ‘समान’ या शब्दावरून आला. दोन्ही बाजू समान करणे म्हणजे पैज. जोसेफ ओल्ले याने 1867 च्या सुमारास पॅरिसमध्ये ‘पारी-म्युत्युएल’ ही पद्धत रूढ केली. लोकांनी लावलेले सगळे पैसे एका गल्ल्यात जमा करायचे, चालकाने आपला वाटा आधी काढून घ्यायचा आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. ‘नूनपेर’मधला ‘पेर’ आणि ‘पारी’ दोघेही लॅटिन ‘पार’चीच लेकरे.

आपले शब्द दुसऱ्या वाटेने आले. ‘पैज’ ही प्रतिज्ञेची प्राकृतातून आलेली लेक, ‘पैजेचा विडा’ उचलणारा मुळात शब्द देत असतो. ‘शर्यत’ अरबी ‘शर्त’वरून आली, म्हणजे तिच्यात धावणे नाही, अट आहे. ‘शर्थीने लढणे’ यातली शर्थही त्याच कुळातली. ‘जुगार’ द्यूत खेळणाऱ्या द्यूतकारापासून आला. पण टोपीतल्या खेळाशी खरे नाते सांगतो तो ‘पण’. संस्कृतात ‘पण्’ या धातूचे दोन अर्थ आहेत, सौदा करणे आणि डावावर लावणे. पांडवांनी राज्य पणाला लावले तो पण, आणि शेतमालाच्या विक्रीचे काम पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या नावातला ‘पणन’, दोन्ही एकाच धातूचे. खरेदी-विक्री आणि पैज यांत फार अंतर नाही, हे संस्कृतालाही ठाऊक होते आणि लंडनच्या गुत्त्यालाही.

अदलाबदलीचा हा खेळ घोड्यांकडे गेला तो अठराव्या शतकाच्या मध्याला. त्या काळात शर्यत म्हणजे बहुधा दोन घोडे आणि त्यांचे दोन मालक. एकाचा घोडा सरस आहे हे दोघांनाही माहीत असे. मग तिसऱ्याने सांगायचे, ‘सरस घोड्याने इतके वजन जास्त वाहावे.’ मुठी उघडायच्या, नाणी दाखवायची, टोपीतल्या पैशांचा नियम तोच. वस्तूवर वर द्यायच्या पैशांची जागा पाठीवरच्या वजनाने घेतली, एवढाच बदल. 1791 मध्ये ॲस्कॉटला ओटलंड्सची शर्यत झाली. तिच्यात 19 घोडे धावले आणि प्रिन्स ऑफ वेल्सचा ‘बॅरोनेट’ जिंकला. इतक्या मालकांच्या मुठी उघडून पाहणे शक्य नव्हते. टोपी गेली, मुठी गेल्या आणि तिऱ्हाइताचा शब्द हुकूम झाला. एकोणिसाव्या शतकात ॲडमिरल हेन्री राऊस याने वयाप्रमाणे वजनाचे कोष्टक बसवून या कामाला शास्त्राचे रूप दिले.

भाराची किंमत किती, हे ऑस्ट्रेलियाच्या ‘फार लॅप’ने दाखवले. 1930 चा मेलबर्न कप त्याने सुमारे साडेबासष्ट किलो वाहून जिंकला. पुढच्या वर्षी त्याच्यावर 68 किलो चढवले आणि तो आठवा आला. घोडा तोच होता, पण हँडिकॅपरने त्याची थोरवी मान्य केली होती आणि त्या मान्यतेचेच ते ओझे होते.

जुंपलेल्या घोड्यांच्या शर्यतीत ही वजनाची युक्ती चालत नाही. तिथे माणूस घोड्याच्या पाठीवर बसतच नाही, त्याचा भार गाडीची चाके घेतात. या गाडीला ‘सल्की’ म्हणतात, शब्दशः रुसकी. तिच्यात एकच माणूस बसू शकतो आणि एकटे बसायला कुणाला आवडते, तर रुसलेल्याला. 1892 मध्ये या रुसकीला सायकलसारखी हवेची रबरी चाके लागली आणि त्याच वर्षी ‘नॅन्सी हँक्स’ या घोडीने मैल 2 मिनिटे 4 सेकंदांत कापला. या शर्यतीत चौखूर उधळायला बंदी असते. घोडा दुडकी चालीनेच धावला पाहिजे, म्हणजे समोरासमोरच्या कोनातले पाय एकदम टाकत, किंवा मग ‘पेसर’सारखा एका अंगाचे दोन्ही पाय एकदम उचलत. चाल मोडली तर हाकणाऱ्याने त्याला आवरून पुन्हा चालीवर आणायचे, तोवर बाकीचे पुढे जातात. अमेरिकेत या घोड्यांच्या जातीचे नावच मुळी ‘स्टँडर्डब्रेड’. 1879 मध्ये वंशावळीत नाव नोंदवण्यासाठी वेगाचे एक माप ठरवले गेले, त्या मापाला उतरलेले ते घोडे.

मग इथे हँडिकॅप द्यायचा कसा? न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाने उत्तर शोधले ते अंतरात. कच्चा घोडा पुढच्या रेषेवर, चांगला दहा मीटर मागे, त्याहून चांगला वीस. फ्रान्समध्ये जास्त कमाई केलेल्या घोड्याला 25 मीटर मागे उभे करतात. अमेरिकेत 1946 पासून मोटारीवर बसवलेले फिरते फाटक आले. सगळे घोडे एका ओळीत त्याच्यामागून धावत येतात, म्हणून मागे उभे करण्याचा प्रश्न उरला नाही. तिथे बरोबरी साधतात ती वर्गवारीने, कधी सरस घोड्याला बाहेरच्या बाजूची जागा देऊन, आणि ‘क्लेमिंग’ शर्यतींनी. क्लेमिंगमध्ये मालक घोड्याची किंमत आधीच जाहीर करतो आणि त्या किमतीला तो दुसरा मालक विकत घेऊ शकतो. दहा हजारांच्या शर्यतीत तीस हजारांचा घोडा घुसवला तर बक्षीस मिळेल, पण घोडा हातचा जाईल. खोटे बोलणाऱ्याचेच नुकसान करणारी ही तजवीज म्हणजे टोपीतला जुना नियमच नव्या वेषात आला आहे.

न्यूझीलंडच्या ‘कार्डिगन बे’ या पेसरमध्ये या शब्दाचे दोन अर्थ एकाच अंगात भेटले. 1962 मध्ये पर्थला त्याच्या कमरेच्या हाडाला जबर इजा झाली आणि ती बाजू कायमची खाली गेली. चालताना पाहणाऱ्याला तो लंगडा वाटे. तरीही 1963 मध्ये त्याने न्यूझीलंड कप जिंकला आणि हँडिकॅपरही त्याला मागच्याच रेषांवर उभे करत राहिले. म्हणजे शरीराने हँडिकॅप आणि गुणांमुळेही हँडिकॅप. पुढे तो अमेरिकेत गेला. 1966 मध्ये योंकर्सच्या मैदानावर त्याने ‘ब्रेट हॅनोव्हर’ या घोड्याला हरवले. 1968 मध्ये दहा लाख डॉलर कमावणारा आपल्या जातीतला तो पहिला घोडा ठरला.

याच शब्दाला उणिवेचा अर्थ कसा चिकटला, तेही आता समजते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोक ‘हँडिकॅप’ कोणत्याही अडचणीला म्हणू लागले, पुढे जाताना पाठीवर असलेले ओझे या अर्थाने. विसाव्या शतकाच्या आरंभी तो शब्द अपंग मुलांना लावला गेला. एवढ्या प्रवासात एक गोष्ट मात्र गळून पडली. मूळ खेळात आणि शर्यतीतही ओझे बाहेरून, ठरवून, बरोबरी साधण्यासाठी ठेवलेले असे. माणसाला हँडिकॅप म्हणताना आपण बरोबरी साधणारा तो तिसरा विसरलो आणि ओझे त्या माणसाच्या अंगातच आहे असे मानून बसलो. जिना आहे पण उतार नाही, ही अडचण इमारतीची असते.

राहिला तिसरा अर्थ, पेन्सिलवाल्याचा. अमेरिकेतले शर्यतीचे पुस्तक म्हणजे आकड्यांचे जंगल. प्रत्येक घोड्याच्या मागच्या शर्यतींत पाव, अर्धा, पाऊण मैलाला तो कितवा होता आणि किती वेळ लागला, ते त्यात छापलेले असते. जागेच्या आकड्याशेजारी ‘एक्स’सारखी फुली असली तर चाल मोडली होती. आकड्यावर छोटे वर्तुळ असले तर घोडा बाहेरच्या बाजूने, आडोशाशिवाय धावला. अर्ध्या मैलाच्या मैदानावर एका मैलात चार वळणे येतात आणि बाहेरून धावणारा प्रत्येक वळणाला जास्त अंतर कापतो. म्हणून वर्तुळ असलेला चौथा क्रमांक हा आतून, दुसऱ्याच्या मागे वारा चुकवत आलेल्या तिसऱ्यापेक्षा सरस असू शकतो. आतली जागा मिळाली की नाही, वर्ग वर गेला की खाली आला, हाकणारा कोण, हे सगळे जोखायचे असते.

पण नवखा माणूस इथेच फसतो. तो विचारतो, ‘जिंकणार कोण?’ मुरलेला विचारतो, ‘भाव किती?’ समजा, आपल्या हिशेबाने एका घोड्याला चारात एक संधी आहे. मग त्याचा न्याय्य भाव तीनास एक. गल्ला पाचास एक देत असेल तर शंभर-शंभर रुपये चार वेळा लावून, तीनदा हरून, एकदा जिंकूनही सरासरीने दोनशे सुटतील. दोनास एक देत असेल तर तोच घोडा, तीच संधी, आणि शंभराचा खड्डा. घोडा चांगला आहे हे सर्वांनाच दिसते, म्हणून त्याचा भाव पडलेला असतो. शर्यतीआधी छापली जाणारी ‘मॉर्निंग लाइन’ पुष्कळांना निकालाचे भाकीत वाटते. ती मुळात लोक पैसे कुठे लावतील याचा मैदानावरच्या जाणकाराने केलेला अंदाज असते. त्यामुळे भाव आणि संधी यांतले अंतर मोजणे हेच खरे हँडिकॅपिंग. ‘ऑड्स’पेक्षा ‘भाव’ उजवा म्हटले ते यासाठी. झग्याच्या बदल्यात टोपडी घेताना वर किती द्यायचे, हाच तो गुत्त्यातला प्रश्न आहे. म्हणून हा तिसरा अर्थ नवा वाटला, तरी तिन्हींत मुळाच्या सर्वांत जवळचा तोच.

फक्त माणूस बदलला. टोपीच्या खेळात किंमत सांगणारा आणि सौदा करणारे वेगळे होते. अमेरिकन पेन्सिलवाल्याला दोन्ही भूमिका एकट्यानेच करायच्या असतात, स्वतःच्या पैशांबाबत स्वतःच तिऱ्हाईत व्हायचे असते. ते फार थोड्यांना जमते. मागच्या शर्यतीत बुडालेले पुढच्यात काढायची घाई झाली, एखाद्या घोड्यावर जीव जडला, कानात कुणी टीप सांगितली, की तिऱ्हाईतपण संपले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असे ठरवले. ते घोड्याच्या, जॉकीच्या आणि अभ्यासूच्या बाबतीत पटण्यासारखे आहे. पण कौशल्य असणे आणि नफा होणे या दोन वेगळ्या गोष्टी.

कारण टोपीतल्या पैशांचा जुना नियम आता उरलेला नाही. तिऱ्हाइताने एका बाजूला झुकता निवाडा केला तर त्याला काही मिळत नसे. आजच्या गल्ल्याचा चालक मात्र निकाल काहीही लागो, अमेरिकेत शेकडा पंधरा ते पंचवीसच्या आसपास वाटा आधीच काढून घेतो. म्हणजे शंभर रुपये लावणाऱ्या जमावात वाटायला उरतात पंचाऐंशी किंवा त्याहून कमी. सगळे मिळून हरणारच, एखादा जिंकला तर तो दुसऱ्या पेन्सिलवाल्यांच्या खिशातून. हा वाटा म्हणजे घोड्यावर नव्हे, पैसे लावणाऱ्यावर चढवलेला हँडिकॅप, आणि तो ठरवताना त्याची मूठ उघडून कुणी पाहिलेली नसते. तेव्हा रेसकोर्सवर जायचेच असेल, तर आधी हा भार मोजा, आणि भाव पटला नाही तर मूठ रिकामी ठेवा.